डायरेक्ट

मोटर चालू होत नाही, एवढंच योगेशशेठनी फोनवर सांगितलं. आवाज येतो का, जळका वास येतो का, एमसीबी पडतो का, यातलं त्यांना काहीच सांगता येईना.

"कोंडाजीच्या बायकोनं मळ्यातल्या कुणाच्या फोनवरून एवढंच कळवलं. त्याला माहीत असेल, पण त्या गड्याचा फोन कालपासून लागत नाहीये. पडला असेल कुठंतरी पिऊन. तुम्ही जाऊनच बघा ना, उज्वलाताई. शनिवारी पाहुणे आहेत आणि पाणी पार शेवाळलंय."

उज्वलाला ते फार्महाऊस माहीत होतं. गिरणाऱ्याच्या रस्त्याला आत वळलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि त्यांच्या मधेच एकदम हिरवळ, झुले आणि स्विमिंग पूल. योगेशशेठचं घराणं लासलगावच्या कांद्याच्या व्यापारातलं. त्यांनी ही जागा घेतली आणि शनिवार-रविवारसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. उज्वला अशा बऱ्याच पूलची देखभाल बघायची. सातपूरला तिच्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आली की ती तिथंच बसायची आणि तांब्याच्या तारेचे वेढे भरताना वडिलांशी गप्पा मारायची. पुढे आयटीआय करून तिने वायरमनचं लायसन काढलं. लग्नानंतर नवरा, संतोष, अंबडला कंपनीत शिफ्टला जाऊ लागला आणि हिने जुनी इको गाडी घेऊन हा धंदा उभा केला. माणसं आधी तिच्याकडे आणि मग गाडीतल्या सामानाकडे बघायची. आता त्याची तिला सवय झाली होती.

ती पोचली तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. वॉचमन कोंडाजीची बायको, कलाबाई, पूलच्या काठावर वाकून बादली भरत होती. भरलेली बादली तिने जास्वंदीच्या बुंध्याशी रिती केली आणि पदराला हात पुसत पुढे आली.

"या ताई. आमचं येडं कुठं गेलंय कोन जाने. तुमाला काय पायजे ते मला सांगा."

"कोंडाजीमामा आलेच नाहीत का अजून?"

"इंचूरला गेला आसंल, लेकीकडं. नातू झालाय ना. चार दिस झाले, मला बाळ बघायचंय म्हनून डोकं खात व्हता. काल आमचं वाजलं जरा. मी मळ्यातनं आले तं गडी गायब. फोन बी त्येच्यापाशीच." कलाबाई बोलताना हसत होती, पण तिची नजर सारखी गेटाकडे जात होती. "सांगून तं जायचं ना मानसानं."

"येतील मावशी विंचूरहून. बाळाला बघून निघवत नसेल."

"तेच म्हन्ते मी."

पूलचं पाणी गवताच्या रंगाचं झालं होतं. शिडीची वरची पायरी तेवढी दिसत होती. परीक्षांच्या दिवसांत कुणी पाहुणे नव्हते, म्हणून शेठनी महिनाभर फिल्टर बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि उन्हाने आपलं काम केलं होतं.

पंपरूम पूलच्या कडेला, अर्धी जमिनीखाली. उज्वला पायऱ्या उतरली आणि खाली पाय टाकताच तिला जळलेल्या व्हार्निशचा वास आला. मोटर गेली, असं तिने तिथेच मनाशी म्हटलं. तरी तिची कामाची रीत ठरलेली होती. आधी वीज, मग मोटर, मग पाणी.

पॅनल उघडलं. मोटरचा एमसीबी पडलेला होता. त्याच्या शेजारी आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळाला तर क्षणात लाइन तोडणारा स्विच. तोही पडलेला होता, पण त्याला काही अर्थच उरला नव्हता. कुणीतरी लाल वायरचा एक तुकडा सोलून त्याच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या स्क्रूपर्यंत जोडला होता. वीज आता त्या स्विचला वळसा घालून थेट मोटरला जात होती.

ती चिडली. तिने मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि योगेशशेठना फोन लावला.

"सर, इथं आरसीसीबी डायरेक्ट केलाय. कुणी केलं हे?"

"कोंडाजीनंच केलं असेल. त्याचे असले उद्योग चालू असतात. काढून टाका ना ते."

"काढतेच. पण हे फार धोक्याचं आहे."

"हो, हो. काढून टाका तुम्ही. आणि मोटरचं काय ते बघा."

तिने तो तुकडा काढला, खिशात टाकला आणि स्विचची जोडणी पूर्ववत केली. मग मोटरच्या वायरी सोडवून गळती तपासणारा मेगर लावला. आतलं वाइंडिंग मोटरच्या लोखंडी बॉडीला टेकलेलं होतं. मोटरमध्ये दमट हवेने आधी गळती सुरू झाली असणार. म्हणूनच आरसीसीबी सारखा पडत असणार, आणि म्हणूनच कुणाला तरी तो कटकटीचा वाटला असणार. पुढे मोटर पूर्ण जळली आणि मग एमसीबी पडला. सगळा क्रम तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यात एक माणूस असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

गळती असली तरी अर्थिंग चांगलं असेल तर करंट जमिनीत जातो. तिने तेही तपासलं. मोटरच्या बॉडीपासून निघालेली तांब्याची जाड तार भिंतीतून बाहेर जात होती. तीच तार पूलच्या स्टीलच्या शिडीला जोडलेली होती आणि पुढे हिरवळीखालून अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेलेली होती. म्हणजे जायला हवी होती. मीटर काहीच दाखवेना. ती वर आली आणि तारेच्या मागाने चालत गेली. झुल्यांसाठी नवा ओटा केला होता, तिथे जेसीबीने खणताना तार तुटलेली होती. तुटलेलं टोक मातीतून वर आलं होतं आणि त्याच्यावर कुणीतरी शोभेचा दगड ठेवला होता.

उज्वलाने दगड बाजूला केला. दोन्ही टोकं घासून चकचकीत केली, क्लँप लावून जोडली, वर टेप गुंडाळली. पुन्हा मीटर लावला. आता अर्थिंग ठीक होतं. दुसऱ्याने सोडून दिलेलं काम नीट झालं की तिला नेहमी बरं वाटायचं. तसं तेव्हाही वाटलं.

गाडीत जुळेल अशी एक मोटर होती. ती उतरवायला कलाबाईने हात लावला आणि मग चहा करून आणला. दोघी पंपरूमच्या पायरीवर बसल्या.

"मावशी, आत ती लाल वायर मामांनी लावली होती ना? असं कधी करू नका हो. जीव जाईल एखाद्याचा."

"आमाला काय कळतं त्यातलं. शेठ फोनवर सांगत व्हते. हितलं काढ, तिथं लाव. फोन हिथं पायरीवर मोठ्या आवाजात ठिवला व्हता आन् मी उजेडाला बॅटरी धरून उभी व्हते."

"शेठनी सांगितलं?"

"मंग? त्येला कुटं येतंय त्यातलं? लावल्यावर घूं घूं वाजली मोटर. मंग मी गेले शेजारच्या मळ्यात, मिरच्या तोडायला."

उज्वलाने बशीतला चहा संपवला. योगेशशेठ खोटं बोलले याचा तिला राग आला, पण असं खोटं गिऱ्हाइकं रोजच बोलतात. आम्ही काही हात लावला नाही ताई, आपोआपच बंद पडलं. तिने ते सोडून दिलं आणि मोटर बसवायला घेतली.

मोटर पहिल्याच खटक्याला चालू झाली. पण पाणी नीट ओढेना. पंपाचा आवाज घुसमटल्यासारखा येऊ लागला. तिने बंद करून गाळणीची टोपली काढली, पाल्याचा लगदा उपसला, पुन्हा चालू केली. पूलच्या काठालगतच्या वरच्या तोंडातून पाणी येत होतं. तळाच्या जाळीचा व्हॉल्व्ह उघडला की मात्र प्रेशरचा काटा खाली जायचा आणि पंप तडफडायचा. म्हणजे तळाच्या जाळीवर काहीतरी बसलं होतं. ताडपत्री किंवा पाल्याचा मोठा गठ्ठा. असं बऱ्याचदा व्हायचं.

तिने पंप बंद केला, गाडीवरचा ॲल्युमिनियमचा लांब दांडा काढला, त्याला आकडा लावला आणि पूलच्या खोल बाजूला, शिडीजवळ, उभी राहिली. कलाबाई शेजारी येऊन थांबली.

"काय हाय वो ताई?"

"काहीतरी अडकलंय खाली. बघते."

दांडा तळाला टेकला. फरशीचा कठीण आवाज हाताला कळला. तिने तो जाळीच्या दिशेने सरकवला. दांडा कशाला तरी लागला आणि त्याला फरशीसारखा आवाज आला नाही. मऊ होतं, पण पाल्यासारखं सरकणारं नव्हतं. तिने आकडा फिरवला. तो कापडात अडकला. तिने ओढलं आणि वजन हललं. सावकाश हललं आणि परत खाली गेलं.

तिने दांडा तसाच धरून ठेवला.

"मावशी, तुम्ही आत जा."

"का?"

"जा ना आत. मला पाणी आणा."

कलाबाई गेली नाही. ती दांड्याकडे बघत राहिली, मग उज्वलाच्या तोंडाकडे. हिरव्या पाण्यातून कापडाचा एक फुगा वर येत होता. चौकड्यांचा सदरा होता. कलाबाई काठावर बसली, जशी उन्हातून आलेली बाई दारात बसते तशी, आणि हळू आवाजात म्हणाली,

"ह्येच पानी मी सकाळी झाडाला घातलं."

मग तिने तोंड उघडलं. त्या आवाजाने शेजारच्या मळ्यातली माणसं बांध ओलांडून धावत आली.

त्यांनीच कोंडाजीला वर काढलं. ती माणसं पाण्यात उतरण्याआधी उज्वला पंपरूममध्ये पळाली आणि तिने मेन पाडला. तिच्यासमोर पॅनल होतं, सगळं नीट केलेलं. मोटरला गळती होती, तिला सुरक्षा नव्हती, तार तुटलेली होती. मोटरच्या बॉडीवरचा करंट जमिनीत जाऊ शकला नाही म्हणून त्या तारेने शिडीपर्यंत गेला. मोटर घूं घूं करते आणि पाणी ओढत नाही म्हटल्यावर कोंडाजी पाला काढायला अनवाणी पाण्यात उतरला असणार आणि त्याने शिडी धरली असणार. तो गेल्यावर कधीतरी मोटर जळली. एमसीबी पडला तो त्यानंतर.

आणि सकाळपासून उज्वलाने, एकेक करून, माणूस कशाने मेला ते सगळं दुरुस्त करून टाकलं होतं.

योगेशशेठ पोलिसांच्या आधी पोचले. पांढरा शर्ट, कपाळावर घाम. त्यांनी चादरीखालचा कोंडाजी बघितला आणि खरोखरच तोंड फिरवलं. कलाबाईसमोर हात जोडले. मग ते उज्वलाला गाडीपाशी घेऊन गेले.

"ताई, ती वायर तुम्ही काढलीत ना?"

"काढली."

"बरं केलंत." ते जमिनीकडे बघत होते. "हे बघा, त्याला पोहता येत नव्हतं. काठावर शेवाळ आहे. पाय घसरला. माणूस तर गेला ना आता."

"तुम्ही फोनवर सांगितलं होतं त्यांना. काय कुठं लावायचं ते."

"कोण म्हणतं?" त्यांनी वर बघितलं. आवाज चढला नाही. "उज्वलाताई, मी तुम्हाला घाबरवत नाहीये. पण विचार करा. सकाळपासून इथं कोण काम करतंय? प्रत्येक वायरीला हात कुणाचा लागलाय? उद्या कुणी म्हणालं की करंट होता, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. तुमचं लायसन आहे, धंदा आहे. आणि कलाबाईंना मी काही वाऱ्यावर सोडणार नाही. त्यांची खोली त्यांचीच राहील, जन्मभर."

तो माणूस घाबरलेला होता, आणि जे म्हणत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. तिला वाटलं, गाडीत बसावं आणि घरी जावं. पाय घसरला म्हटलं तर कुणाचंच काही जात नाही. ज्याचं जायचं त्याचं गेलेलंच आहे. हे तिला वाटलं, आणि असं वाटलं म्हणून ती पुढे कित्येक दिवस स्वतःशी नीट बोलू शकली नाही.

फौजदार आले, पंचनामा सुरू झाला. एका हवालदाराने कोंडाजीचा उजवा हात पालथा केला. तळव्यावर आडवा, करपल्यासारखा पट्टा होता. हवालदार म्हणाला, "हे काय खरचटलंय का?"

उज्वला पुढे झाली.

"खरचटलेलं नाही. शिडीत करंट होता. तुम्हाला आता सापडणार नाही, कारण तो मी काढला. मला माहीत नव्हतं."

तिने खिशातला लाल तुकडा काढून दिला. ओट्याजवळची जोडलेली तार दाखवली. जुनी मोटर गाडीतून उतरवून दिली. फौजदार मधून मधून लिहीत होते.

"फोटो काढलेत का दुरुस्तीच्या आधी?"

"नाही."

"म्हणजे वायर इथं होती, हे तुम्ही म्हणता म्हणून."

"कलाबाईंनी ऐकलंय. त्या तिथं होत्या. शेठ फोनवर सांगत होते."

सगळ्यांनी कलाबाईकडे बघितलं. ती नवऱ्याच्या पायाशी बसली होती. तिच्या अंगावर कुणीतरी शाल टाकली होती, एवढ्या उन्हात.

"मला काय नाय ठाव," ती म्हणाली. "मी मळ्यात व्हते."

पोस्टमॉर्टेममध्ये शॉकने मृत्यू असं आलं. मग विद्युत निरीक्षक येऊन गेले. त्यांनी आरसीसीबी तपासला, चालू होता. अर्थिंग मोजलं, चांगलं होतं. ते स्वभावाने भले होते. उज्वलाला म्हणाले, "काम तुम्ही चोख केलंय, बाई. तीच पंचाईत झालीये." जुनी मोटर सदोष होती, एवढंच त्यांना लिहून देता आलं. योगेशशेठच्या वकिलाने सांगितलं की पूलची देखभाल या बाईंकडे होती, दोष असेल तर त्यांच्या देखभालीत असेल. गुन्हा निष्काळजीपणाचा दाखल झाला आणि त्यात संशयित म्हणून दोन नावं आली, शेठचं आणि उज्वलाचं. कोंडाजीच्या फोनवर शेठचा कॉल होता, पण मालक वॉचमनला फोन करणारच. त्यात काय बोलणं झालं हे फोन सांगत नव्हता.

तिची कामं एकेक करून सुटली. कुणी भांडलं नाही. सध्या गरज नाही ताई, पुढे बघू, असं सगळे गोड बोलले. संतोष रोज कामावरून आला की विचारायचा, "आज आला का कुणाचा फोन?" मग त्याने विचारणं बंद केलं. एकदा जेवताना तो म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तर..." आणि तिने नुसतं बघितलं तसा तो उठून तिच्या ताटात भाजी वाढायला लागला.

तेराव्यानंतर ती कलाबाईला भेटायला गेली. पूल निळा दिसत होता. नवीन वॉचमन ठेवला होता. कलाबाई मागच्या खोलीसमोर तांदूळ निवडत बसली होती. तिने उज्वलाला बघितलं, बस म्हणाली नाही, पण सूप बाजूला सरकवून जागा केली.

"मी तुम्हाला जबाब द्या म्हणायला नाही आले," उज्वला म्हणाली. येताना तिने हेच ठरवलं होतं, आणि बोलताना कळलं की ते खरं नव्हतं. "आले असेन, तर तेवढ्याचसाठी नाही."

कलाबाई खडे वेचत राहिली.

"खोली देतेत म्हनून मी गप हाय, आसं वाटतं तुमाला?"

"वाटलं होतं."

"मळ्यातल्या मानसांना बी तसंच वाटतं." तिने एक खडा लांब फेकला. "त्यो नको म्हनत व्हता, ताई. त्यो म्हनला, वायरमनला येऊ दे, मी हात लावनार नाय, मी चाललो इंचूरला बाळ बघाया. आमचं वाजलं ते ह्याच्यावरनं. मीच म्हनलं, शेठ सांगतेत तं लाव की. येवढं काय भ्यायचं. आधी मालकाचं काम कर, मंग जा लेकीकडं. बॅटरी मीच आनली. हात धरून खाली मीच नेला त्येला."

तिचा आवाज कुठेच फुटला नाही.

"आता पोलिसाला सांगायचं म्हंजी काय सांगायचं? शेठचं सांगितलं की माजं बी सांगावं लागंल. लेक म्हनंल, आई, तू धाडलंस माज्या बापाला."

उज्वलाच्या तोंडावर आलं होतं की तुमची काही चूक नाही मावशी. पण ही बाई ते वाक्य ऐकणार नाही, हे तिला कळत होतं. तिने स्वतः ते संतोषकडून ऐकून घेतलं नव्हतं.

"माझ्या काय मनात आलं होतं सांगू?" ती म्हणाली. "त्या दिवशी शेठ मला गाडीपाशी घेऊन गेले तेव्हा मी गप्प बसणार होते. घरी जाणार होते."

कलाबाईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"मंग का नाय बसल्या?"

"त्या हवालदाराने हात पालथा केला म्हणून. केला नसता तर कदाचित बसले असते."

पुढच्या बाजूला नवीन पाहुण्यांची पोरं पाण्यात उड्या मारत होती आणि कुणीतरी मोठ्याने गाणं लावलं होतं. कलाबाई उठली, तांदूळ डब्यात ओतले, डबा बंद केला.

"लेकीला आधी सांगते," ती म्हणाली. "तिला सांगितल्याबिगर नाय."

तिने तसंच केलं. लेक, पल्लवी, महिन्याचं बाळ घेऊन विंचूरहून आली. दोघी मायलेकींचं त्या खोलीत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कलाबाई पोलीस स्टेशनला गेली आणि तिने सगळं सांगितलं. शेठ काय म्हणाले, कोंडाजी काय म्हणाला, ती काय म्हणाली. बॅटरीचंही. फौजदारांनी स्वतःचं सांगायची गरज नाही म्हटलं, तरी तिने ते लिहून घ्यायला लावलं.

योगेशशेठना अटक झाली आणि चार दिवसांत जामीन झाला. उज्वलाचं नाव संशयितांतून निघालं नाही, साक्षीदार म्हणूनही लागलं, आणि दोन्ही कागदांवर तिच्या सह्या झाल्या. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. फार्महाऊस शेठच्या मेहुण्याच्या नावावर भाड्याने जातच राहिलं. कलाबाईला मात्र खोली सोडायला सांगितलं, तेही नव्या वॉचमनकरवी.

सामान न्यायला दुसरी गाडी नव्हती म्हणून उज्वला तिची इको घेऊन गेली. दोन पेट्या, गॅस, अंथरुणं, देवाचं फडताळ. निफाडच्या पुढे रस्त्यात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी बराच वेळ उभी राहिली. कलाबाई खिडकीबाहेर बघत होती. मधेच तिने विचारलं,

"ताई, लय तरास झाला आसंल का वो त्येला?"

वाइंडिंगच्या दुकानात वडिलांनी तिला करंटबद्दल खूप शिकवलं होतं, हे नव्हतं शिकवलं.

"नाही," ती म्हणाली. "कळलंही नसेल त्यांना."

"हां," कलाबाई म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही.

विंचूरला पल्लवीचं घर गावाबाहेर होतं, दोन खोल्यांचं, समोर कांद्याची चाळ. पल्लवीने दारात पाणी आणून दिलं. आईकडून तिने पेटी घेतली, पण आईच्या तोंडाकडे बघितलं नाही. बाळ मात्र तिने लगेच आजीच्या हातात दिलं. कलाबाईने ते घेतलं आणि तिथेच ओट्यावर बसली. बाळाने तिचा पदर मुठीत पकडला.

सामान उतरवून झालं. उज्वला निघायला लागली तेव्हा कलाबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली,

"ताई, तुमी लय केलं. पन आता हिकडं येऊ नका. तुमच्यावर राग नाय माजा. पन तुमी दिसल्या की मला तोच दिस दिसतो."

"नाही येणार, मावशी."

ती गाडीत बसली. गावाबाहेरच्या पंपावर तिने गाडी लावून डिझेल मागितलं, आणि ही गाडी डिझेलवर नाही, पेट्रोलवर चालते, हे भरणाऱ्या माणसाला तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिने पेट्रोल भरलं, काचेवरची धूळ पुसली आणि नाशिकच्या रस्त्याला लागली.